मुठीवाल्यांच्या बाई

११ जानेवारी

आज आम्हाला सांगण्यात आलं की आम्ही शिक्षक नाही. आम्ही ‘सुलभक’ आहोत. मुलांचं शिकणं सुलभ करतो तो सुलभक. शाळेला नवे संचालक आलेत, त्यांनी सभागृहात पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून हे समजावलं. गृहस्थ सतत हसतात. वाईट बातमी देतानाही हसतात, त्यामुळे ती वाईट आहे हे समजायला आपल्याला वेळ लागतो. मी त्यांचं नाव हसरेसाहेब ठेवलंय.

तर हसत हसत त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक कॅमेरा बसणार. प्रश्न विचारल्यावर कुठल्या बाकावरून हात वर आला, बाई किती वेळ बोलल्या, वर्ग किती वेळ गप्प बसला, हे सगळं तो मोजणार. त्याचा आकडा रोज शिक्षकखोलीतल्या पडद्यावर लागणार आणि पालकांच्या फोनवरही जाणार. आमच्या शाळेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. सहावीच्या तुकड्या दोन, गणिताच्या बाईही दोन. जूनअखेर जिचा आकडा वर असेल ती शिकवणार. दुसरी होणार ‘वर्गसहायक’. म्हणजे पडद्यावर कुणीतरी रेकॉर्ड केलेला धडा लागेल आणि ही राखाडी जाकीट घालून मागे उभी राहील. मुलं झोपली तर उठवेल, भांडली तर सोडवेल.

‘अ’ तुकडीची बाई मी. ‘ब’ तुकडीची बाई परवा परवा लागलेली एक पोर आहे. तिच्या वर्गातून इतका आवाज येतो की मी तिला गलका म्हणते. तोंडावर नाही.

माझ्या निवृत्तीला तीन वर्षं आहेत. तीन वर्षं ते जाकीट घालून उभं राहण्यापेक्षा मी घरी बसेन. पण घरी हे आहेत.

ह्यांना सांगितलं. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले. म्हणाले, “अगं, हात मोजणार म्हणजे नक्की काय मोजणार?”

मी म्हटलं, “हात.”

“हं,” म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. हा एवढा संसार मी या ‘हं’बरोबर केला.

१८ जानेवारी

कॅमेरा बसला. बसवणाऱ्या माणसाने माझ्या फळ्यावर पाय ठेवून तो बसवला. फळा पुसायलाही थांबला नाही.

संध्याकाळी मात्र असं काही झालं की मी शिक्षकखोलीत एकटीच हसत बसले. माझा आकडा शंभर टक्के! प्रत्येक प्रश्नाला, प्रत्येक बाकावरून हात वर. गलकाचा आकडा एकवीस.

कारण माझ्या वर्गाचा जुना नियम. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत उत्तर न येणारी पोरं पुढच्याच्या पाठीमागे लपायची. बाकाखाली पेन्सिल पडल्याचं नाटक करायची. मला त्यांची दया यायची आणि चीडही यायची. मग मी नियम केला: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर पंजा उघडा. येत नसेल तर मूठ. मी फक्त उघड्या पंजांना विचारणार, मुठीला कधीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ केली की मधल्या सुट्टीत खिडकीजवळच्या बाकांवर थांबायचं, डबा तिथेच खायचा आणि ती मूठ माझ्यासमोर उघडायची. मी पुन्हा पहिल्यापासून शिकवणार. आणि कुणाची मूठ होती ते वर्गाबाहेर कुणी कुणाला सांगायचं नाही. आईवडिलांना नाही, दुसऱ्या तुकडीला नाही. मीही नाही.

आजवर एकाही मुलाने हा नियम मोडलेला नाही. माझ्या नोकरीत मला अभिमान वाटावा अशी हीच एक गोष्ट आहे.

यंत्राला पंजा आणि मूठ यातला फरक कळत नाही. ते बिचारं हात मोजतं. त्याला मी काय करू?

१९ जानेवारी

पुन्हा शंभर. हसरेसाहेब स्वतः येऊन हात मिळवून गेले. त्यांचा हात गार होता.

३ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा आकड्याला गालबोट लागलं. हातांचे शंभर, पण खाली तांबड्या अक्षरात ‘निष्क्रिय वेळ’.

झालं ते असं. अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, इतकं साधं. तर मुंगी उभी राहिली. तिचं अक्षर बारीक म्हणून मी तिला मुंगी म्हणते. तिसऱ्या रांगेत शेवटच्या बाकावर बसते. म्हणाली, “बाई, पण उलटा का करायचा?”

मी म्हटलं, “तूच विचार कर बरं. अर्ध्या भाकरीत पाव पाव भाकरी किती वेळा निघेल?” आणि थांबले. ही पोर विचार करते तेव्हा खालचा ओठ दातात धरते आणि छताकडे बघते. घाई केली की सगळं सांडून जातं. म्हणून तिच्यासाठी थांबावं लागतं. वर्गही थांबला. यंत्राच्या मते तेवढा वेळ आम्ही सगळे मेलो होतो.

“दोनदा,” म्हणाली ती शेवटी. मग, “पण बाई, तरी उलटा का?”

तास संपत आला होता. म्हटलं, उद्या सांगते.

४ फेब्रुवारी

आज थांबले नाही. प्रश्न, उघडा पंजा, उत्तर, शाबास, पुढचा प्रश्न. पावसाळ्यात छपरावर टपटप व्हावी तसा तास झाला. तांबडी अक्षरं गेली.

मुंगीने मूठ केली होती. सुट्टीत तिला घेणारच होते, पण हसरेसाहेबांनी बोलावलं.

त्यांची इच्छा आहे की माझी पद्धत मी बाकीच्या सगळ्या सुलभकांना शिकवावी. ‘सहभागाचा नमुना’ असं ते म्हणतात. प्रशिक्षण रोज मधल्या सुट्टीत, कारण इतर वेळी सगळे वर्गात असतात. मी मुठीवाल्यांना म्हटलं, “आठवडाभर कळ काढा. मग तुमचं सगळं एकदम घेते.” ती शहाणी मुलं आहेत. डबे उचलून अंगणात गेली.

इतकी वर्षं झाली, मला कुणी विचारलं नव्हतं की बाई, तुम्ही हे कसं करता. आज विचारलं. मी नाही कशी म्हणणार?

१२ फेब्रुवारी

प्रशिक्षणाचा आज शेवटचा दिवस व्हायचा होता, पण दुसऱ्या शाखेचे लोक येणार आहेत म्हणून आणखी दोन आठवडे वाढवलं.

पंजा आणि मुठीचा भाग सगळ्यांना आवडला. सुट्टीत थांबवून शिकवण्याचा भाग मी सांगायला घेतला तर हसरेसाहेबांनी घड्याळ दाखवलं. ते पुढच्या भागात, म्हणाले. पुढचा भाग आहे की नाही हे त्यांनाच ठाऊक.

गलका मागे बसली होती. तिने हात वर केला. पंजा उघडाच. “बाई, मग मुठीवाल्यांचं काय करायचं?”

“ते पुढच्या भागात,” मी म्हटलं.

“पण तोपर्यंत?”

कुणीतरी हसलं. मला राग आला. हिच्या वर्गात पोरं फळ्याशी गर्दी करतात, जमिनीवर बसून कागदाच्या पट्ट्या कापतात, एकमेकांच्या वह्या ओढतात. आकडा एकवीसवरून अठरावर आलाय. नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, “आधी सगळ्यांचे हात वर यायला लागू देत, मग मुठींचं बघू.” खोलीभर हशा झाला. ती खाली बघून बसली. मला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

९ मार्च

प्रशिक्षण पुन्हा वाढवलंय, माझ्या सुट्ट्या त्यातच जातात. आता सगळ्या शाळेत हात वर होतात. व्हरांड्यातून चाललं की खिडक्याखिडक्यांतून नुसते हातच हात दिसतात. पालकांच्या फोनवर हिरवे आलेख जातात. हसरेसाहेबांनी माझा फोटो प्रवेशद्वारापाशी लावलाय. फोटोत मी हसतेय. मला ‘हसा’ म्हणून सांगितलं होतं.

माझा वर्ग तर इतका शांत, इतका शिस्तीचा झालाय की विचारू नका. मुठी वाढल्यात थोड्या. पण दंगा नाही, प्रश्न नाहीत. खिडकीपाशी बसणारा एक हुशार पोरगा आहे, ज्याला सगळं येतं, तोसुद्धा हल्ली मूठ करतो. विचारलं तर म्हणाला, “असंच, बाई.” त्याच्यात नम्रता येत चालली आहे. या वयात असं होतं.

आता प्रत्येक प्रश्नाला उघडे पंजे पाचसहाच असतात. पण ते ठरलेले आणि भरवशाचे. त्यांच्या जोरावर तास छान पुढे जातो.

ह्यांना रात्री जेवताना सांगत होते. म्हणाले, “आमच्या खात्यात एक दुकानदार होता. त्याचा तराजू कधीच चुकीचा सापडायचा नाही. मग कळलं की तो त्या तराजूवर विकतच नव्हता काही. निरीक्षकासाठी ठेवलेला होता.”

“याचा इथे काय संबंध?”

“काही नाही. आठवलं.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. ह्यांना माझं चांगलं झालेलं बघवत नाही की काय, असं कधी कधी वाटतं.

१६ मार्च

गलका आज माझ्याकडे आली. मी एकटीच आहे असं बघून आली असावी. उभ्याउभ्याच म्हणाली, “बाई, राग मानू नका. सुट्टीत तुम्ही प्रशिक्षणात असता. तुमच्या मुठीवाल्यांना तेवढ्या वेळात मी घेऊ का? माझी काही मुलं असतातच थांबलेली. त्यांच्यातच बसतील.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझी मुलं! मी आकड्यात वर, ही तळाला, आणि ही माझी मुलं शिकवणार. उद्या सांगेल, यांच्या वर्गातल्या पोरांना मी तयार केलं. चोराच्या मनात चांदणं.

म्हटलं, “तुमचं आधी बघा. जूनला फार दिवस नाहीत.”

“ते माहीत आहे मला,” ती म्हणाली. “मी मुलांचं विचारत होते.”

“आणि त्या माझ्या मुठी आहेत. त्या मी दुसऱ्या कुणासमोर उघडणार नाही. शब्द दिलाय मी त्यांना.”

ती मान हलवून निघून गेली. दुसरं करणार काय? नियम तो नियम.

११ एप्रिल

आज मुंगीची आई आली. औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली. बरोबर मुंगी.

“बाई, रागावू नका,” म्हणाली. “पण हिला गणितातलं काहीच कळत नाही असं ही म्हणते. रोज वही पुढ्यात घेते आणि रडत बसते. मला तर यातलं काही समजत नाही. तुमच्याकडे विचारायला आले.”

वास्तविक मी सांगू शकले असते की दोन महिने झाले, मला सुट्टीच मिळालेली नाही. पण दारात हसरेसाहेब उभे होते. पाहुण्यांना शाळा दाखवत होते. ते थांबले आणि हसून म्हणाले, “आईंना हिचा आलेख दाखवा ना.”

म्हणून मी आलेख दाखवला. तिसरी रांग, शेवटचं बाक. फेब्रुवारीपासून आजपर्यंत, प्रत्येक दिवस, प्रत्येक प्रश्न, हात वर. हिरवागार. एकही गाळलेला नाही.

आई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मुंगीकडे पाहिलं. “रोज हात वर करतेस? प्रत्येक प्रश्नाला? आणि घरी येऊन मला सांगतेस की येत नाही?” तिचा आवाज चढत गेला. “माझी रजा गेली तुझ्यापायी. चारचौघांत माझं हसं केलंस. खोटं बोलायला कुणी शिकवलं गं तुला?”

मुंगी आईकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. वाट बघावी तशी.

कुणाची मूठ होती ते वर्गाबाहेर सांगायचं नाही. तिने ते पाळलं. मीही पाळलं.

आईने माझी दोनदा माफी मागितली आणि मुंगीला दंडाला धरून घेऊन गेली. हसरेसाहेब पाहुण्यांना म्हणाले, “बघा, पालकांच्या शंका अशा जागच्या जागी सुटतात.”

घरी जेवण गेलं नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये काहीतरी बाधलं असावं.

१२ एप्रिल

मुंगीला बोलावून घ्यावं असं ठरवलं होतं. पण बोलावून म्हणू काय?

तासाला तिने हात वर केला. मूठ. बाकीच्यांसारखीच.

२ मे

सहामाहीचे पेपर तपासले. भागाकाराचा प्रश्न अर्ध्याहून जास्त मुलांनी कोराच सोडला आहे. माझ्या मुलांनी! माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही वर्गाने असं केलेलं नाही. वाटलं, संपलं. जाकीट मला. तशीच हसरेसाहेबांकडे गेले. लपवण्यात अर्थ नव्हता; कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं.

त्यांनी पेपर चाळले आणि बाजूला ठेवले. “तुम्ही उगाच काळजी करता. पेपर वर्षातून दोनदा दिसतो. आलेख रोज दिसतो.”

मी म्हटलं, “साहेब, ते हात… त्यातले बरेचसे हात म्हणजे...”

“मुठी ना? माहीत आहे मला. प्रशिक्षणात तुम्हीच सांगितलंत. एका पालकांनी परवा विचारलं, मुलं मूठ का करतात म्हणून. मी सांगितलं, ती आत्मविश्वासाची खूण आहे.” आणि हसले.

मीही हसले. काय करणार, हसावंच लागलं. जीव भांड्यात पडला होता. बाहेर आल्यावर जिन्यात थोडा वेळ कठड्याला धरून उभी राहिले. चढउतार हल्ली झेपत नाही.

गलकाच्या तुकडीचे पेपर शेजारच्या टेबलावर पडले होते. बघायचे नव्हते, पण नजर गेली. भागाकार कुणी चित्रं काढून सोडवलाय, कुणी पट्ट्या काढून, कुणी शब्दांत लिहून. अक्षरं घाणेरडी, खाडाखोड वाट्टेल तेवढी. उत्तरं बरोबर.

३० जून

निकाल लागला. मी शंभर, ती पंधरा.

हसरेसाहेबांनी सर्वांसमोर तिला जाकीट दिलं. टाळ्या वाजवायला सांगितल्या. तिने तिथेच ते अंगावर चढवलं. बाह्या लांब होत्या, दुमडून घेतल्या. मला वाटलं होतं रडेल, राजीनामा देईल. तसं काही नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, “मनाला लावून घेऊ नका. तुम्ही लहान आहात, शिकाल.”

“हो, बाई,” म्हणाली. मग म्हणाली, “मला ‘अ’ तुकडी दिलीय. तुमची मुलं.”

“माझी? मग मी कुठे?”

तिला वाटलं मला माहीत आहे. मला खरंच माहीत नव्हतं.

१ जुलै

आता कळलं. माझी ‘मुख्य मार्गदर्शक’ म्हणून नेमणूक झाली आहे. सगळ्या शाखांसाठी. तिसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली, दारावर पाटी. माझे धडे रेकॉर्ड होणार आणि तेच दोन्ही तुकड्यांत पडद्यावर लागणार.

मी विचारलं, “आणि सकाळी एखादा तास? माझा वर्ग?”

हसरेसाहेब म्हणाले, “बाई, पडद्यावर तुम्हीच तर असणार आहात. रोज. सगळ्या वर्गांत. एका वर्गात अडकून कशाला पडता?”

हे म्हणाले, “जिंकलीस म्हणजे.”

मी म्हटलं, “हो.”

१४ जुलै

रेकॉर्डिंग. बंद खोली, काळा पडदा, समोर दिवा. दिव्यामागे एक मुलगा असतो, तो “सुरू” आणि “पुन्हा” एवढंच बोलतो.

“कुणाकडे बघून बोलू?” मी विचारलं.

“तांबड्या ठिपक्याकडे.”

ठिपक्याकडे बघून अपूर्णांकांचा भागाकार शिकवला. दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. प्रश्न विचारला की सवयीने थांबत होते. त्याने नंतर ते सगळे थांबलेले तुकडे कापून टाकले. संध्याकाळी दाखवलं. मी सलग बोलतेय, श्वासही न घेता. त्या बाईला कुणी काही विचारूच शकत नाही. एक क्षण मला तिची भीती वाटली. माझ्या शाळेत मला अशी बाई असती तर मी गणित सोडलं असतं.

मग वाटलं, चला, धडा तरी एकदाचा पूर्ण झाला.

२२ जुलै

तिसऱ्या मजल्यावर दिवसभर कुणी येत नाही. शिपाई सकाळी पाणी ठेवतो, संध्याकाळी भरलेलाच जग घेऊन जातो. प्रशिक्षणं झाली, आता कुणाला काही विचारायचं नाही. सगळ्यांना हात वर करून घेता येतात.

खालून घंटा ऐकू येते. घंटा झाली की अजून उठून उभी राहते. आज उठले तेव्हा हातात खडू नव्हता, म्हणून पुन्हा बसले.

मला मुलं हवी आहेत. आता इथे लिहिलं तर कुणाला कळणार आहे? मला माझा वर्ग परत हवा आहे.

५ ऑगस्ट

दुसऱ्या शाखेशी मीटिंग होती. ऐनवेळी रद्द झाली. मधली सुट्टी नुकतीच लागली होती. मनात म्हटलं, ज्यांना आठवडाभर थांबा म्हटलं आणि पुढे विसरूनच गेले, त्यांना आज घेऊ. अर्धा तास आहे. काय बिघडलं? खडू उचलला आणि जिना उतरले. कितीतरी दिवसांनी पाय हलके वाटले.

वर्गात पडदा काळा होता. खिडकीजवळच्या बाकांवर दहाबारा मुलं डबे उघडून बसली होती. तो हुशार पोरगाही होता. मुंगी होती. मला बघितल्यावर सगळे एकदम उठून उभे राहिले. डबे ठेवून, हात खाली, सरळ. पाहुणे आले की उभे राहतात तसे.

“बसा, बसा,” मी म्हटलं. कुणी बसलं नाही.

मुंगी पुढे आली. उंच झाली आहे. “बाई, काही हवं होतं का?”

“काही नाही गं. सहज आले. काय अडलंय तुझं? दाखव बघू वही.”

तिने वही छातीशी धरली. लपवावी तशी नाही. आपली वस्तू आपण धरतो तशी. “नको, बाई. आमच्या बाई येतील आता.”

“अगं वेडे,” मी हसून म्हटलं, “मीच ना तुमच्या बाई?”

तिने खालचा ओठ दातात धरला आणि छताकडे पाहिलं. मी थांबले. यावेळी थांबले.

“तुम्ही मोठ्या बाई,” ती म्हणाली. समजावून सांगावं तसं, अगदी नीट. मग कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

तेवढ्यात गलका आली. जाकिटाच्या बाह्या दुमडलेल्या, हातात कागदाच्या पट्ट्या, तोंडात घास. मला बघून थबकली, घास गिळला. “बाई! या ना. आज तुम्हीच घ्या. मुलांना बरं वाटेल.”

मी मुलांकडे पाहिलं. ती तिच्याकडे बघत होती.

“नको,” मी म्हटलं. “तुम्ही घ्या. मला मीटिंग आहे.”

दाराबाहेर पडले आणि मागे लगेच गलका सुरू झाला. सगळे एकदम बोलत होते. मुंगीचाही आवाज त्यात होता, मोठ्याने, भांडल्यासारखा. वर येऊन दार लावून घेतलं आणि पुष्कळ रडले.

घरी ह्यांनी विचारलं, “आज इतका उशीर?”

म्हटलं, “मीटिंग लांबली.”